यकृताचा कर्करोग आणि रक्तातल्या खुणा

यकृताच्या कर्करोगात रक्तातल्या काही द्रव्यांचे प्रमाण बदलते आणि ते मोजून रोगाचा माग काढता येतो. अशा द्रव्यांना बायोमार्कर म्हणतात. लॅबच्या रिपोर्टवर बहुधा ‘ट्यूमर मार्कर’ असे लिहिलेले असते. यकृतासाठी त्यांतला सर्वांत जुना आणि अजूनही सर्वाधिक वापरला जाणारा मार्कर म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन, डॉक्टरांच्या बोलण्यातला एएफपी. ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत स्टेशनजवळच्या कुठल्याही बऱ्यापैकी पॅथॉलॉजी लॅबमध्ये या चाचणीसाठी रक्त देता येते. नमुना तिथेच तपासला जातो किंवा नवी मुंबई-मुंबईतल्या एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत जातो आणि एक-दोन दिवसांत रिपोर्ट मोबाइलवर येतो. चाचणी इतकी सोपी झाली, तरी ती कोणी करायची, किती वेळा करायची आणि आलेल्या आकड्याचे काय करायचे, याबद्दल बराच गैरसमज आहे. अनेक धडधाकट माणसे ती विनाकारण करून घेतात आणि ज्यांना तिची खरी गरज आहे, त्यांतल्या अनेकांना ती कोणी सांगितलेलीच नसते.

यकृतात दिसणारी प्रत्येक गाठ यकृताच्या कर्करोगाची नसते. मोठे आतडे, जठर, स्वादुपिंड, स्तन अशा अवयवांतला कर्करोग पसरून यकृतात गाठी होणे हे अधिक वेळा घडते. यकृतातच मूळ धरणाऱ्या कर्करोगांपैकी ७५ ते ८५ टक्के यकृताच्या मुख्य पेशींपासून होतात. त्याला हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, थोडक्यात एचसीसी, म्हणतात. उरलेल्यांत पित्तनलिकांचा कर्करोग प्रमुख असतो आणि त्याचा मार्कर वेगळा, सीए १९-९. पुढचे विवेचन एचसीसीपुरते आहे. २०२२ साली जगभरात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ७ लाख ५९ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. नवे रुग्ण आणि मृत्यू यांचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ असण्याचे मुख्य कारण म्हणजे उशिरा होणारे निदान. यकृताच्या आत वेदना कळवणाऱ्या नसा नाहीत. गाठ वाढून वरच्या आवरणाला ताण बसेपर्यंत काहीच दुखत नाही. वजन घटणे, पोटात पाणी होणे, डोळे पिवळे पडणे ही लक्षणे दिसू लागतात, तेव्हा गाठ काढून टाकण्याची वेळ बहुतेकदा निघून गेलेली असते.

या रोगाची एक गोष्ट मात्र वैद्यकाच्या पथ्यावर पडणारी आहे. तो निरोगी यकृतात सहसा होत नाही. दहापैकी आठ-नऊ रुग्णांच्या यकृताला आधीपासून सिरोसिस झालेला असतो, म्हणजे वर्षानुवर्षांच्या सुजेने यकृत कडक, गाठाळ आणि व्रणांनी भरलेले असते. हेपॅटायटिस बी हा याला मोठा अपवाद आहे. त्याचा विषाणू स्वतःचा डीएनए यकृतपेशीच्या डीएनएत घुसवतो, त्यामुळे सिरोसिस न होताही कर्करोग होऊ शकतो. कर्करोग कोणाला होण्याची शक्यता आहे हे अशा रीतीने आधीच बऱ्यापैकी सांगता येते. म्हणून यकृताच्या कर्करोगाचा शोध संपूर्ण लोकसंख्येत घ्यावा लागत नाही. तो ठरावीक माणसांत, पण चिकाटीने घ्यावा लागतो.

ही माणसे ओळखण्यात पहिला अडथळा येतो तो ‘कावीळ होऊन गेली’ या वाक्याचा. दूषित पाण्यातून होणारी, पावसाळ्यात एखाद्या वस्तीत एकदम पसरणारी कावीळ बहुधा हेपॅटायटिस ए किंवा ई विषाणूची असते. ती त्रास देते, गरोदरपणात ई विषाणूची कावीळ जीवघेणीही ठरते, पण या दोन्हींमुळे यकृताचा कर्करोग होत नाही. कर्करोगाशी संबंध आहे तो बी आणि सी विषाणूंचा. ते रक्तातून, निर्जंतुक न केलेल्या सुया आणि ब्लेडमधून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जन्मताना पसरतात. बाळपणी हेपॅटायटिस बी झाला तर बहुतेकदा कावीळ दिसतच नाही आणि विषाणू मात्र आयुष्यभर मुक्काम करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हेपॅटायटिस बी आणि ५५ लाखांना हेपॅटायटिस सी होता. हेपॅटायटिस बीची लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात २००२-०३ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०११ मध्ये सगळीकडे पोहोचली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीला लहानपणी ती मिळालेली नाही, आणि यकृताचा कर्करोग होण्याचे वय आता हीच पिढी गाठते आहे.

ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात हेपॅटायटिस बीचा पत्ता अनेकांना लागतो तो रक्तदान शिबिरातून. गणेशोत्सव मंडळे, गृहनिर्माण संस्था आणि पक्षांच्या शाखा वर्षभर शिबिरे भरवतात. दान केलेल्या प्रत्येक पिशवीतल्या रक्ताची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी करणे रक्तपेढीवर बंधनकारक आहे. त्यात हेपॅटायटिस बी आढळून रक्तपेढीकडून बोलावणे आले की त्या माणसाने डॉक्टरांकडे जाऊन यकृताच्या चाचण्या, विषाणूच्या डीएनएचे प्रमाण आणि सोनोग्राफी करून घ्यायची असते. पण कसलाच त्रास नसल्यामुळे रक्तपेढीचा कागद कपाटात राहतो, आणि पंधरा-वीस वर्षांनी पोट फुगल्यावर बाहेर येतो. हे टाळता येण्याजोगे आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींच्या तपासण्या आणि औषधे मोफत देण्याची तरतूद आहे. त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर उपचार केंद्रे नेमलेली आहेत. या भागातला सामान्य रुग्ण आधी कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात जातो. तिथून पुढचा रस्ता ठाण्याच्या विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालयाकडे किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडे जातो. हेपॅटायटिस सी तर तीन महिन्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो. हेपॅटायटिस बी बहुधा पूर्ण जात नाही, पण टेनोफोव्हिरसारखी गोळी विषाणू दाबून धरते आणि कर्करोगाचा धोका कमी करते.

विषाणूंच्या जोडीला दारू आणि फॅटी लिव्हर ही कारणे झपाट्याने पुढे येत आहेत. भारतातल्या अनेक अभ्यासांची बेरीज करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात प्रौढांमध्ये फॅटी लिव्हरचे प्रमाण सुमारे ३८ टक्के आढळले. सकाळी लोकलने जायचे, दिवसभर बसून काम करायचे, रात्री उशिरा जेवायचे आणि पोटाभोवती चरबी व मधुमेह वाढत जायचा, हे उपनगरी आयुष्य त्याला पोषक आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ वाचून घाबरणारे पुष्कळ असतात. त्या ३८ टक्क्यांतल्या फार थोड्यांचे यकृत सिरोसिसपर्यंत जाते. ते थोडे कोण, हे शोधायला एक अत्यंत स्वस्त बायोमार्कर उपलब्ध आहे आणि त्याचा उपयोग होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त व्हायला हवा.

त्याचे नाव फिब-४. त्यासाठी वेगळे रक्त द्यावे लागत नाही. वय गुणिले एएसटी (जुन्या रिपोर्टवर एसजीओटी), भागिले प्लेटलेटचा हजारांतला आकडा गुणिले एएलटीचे (एसजीपीटीचे) वर्गमूळ, एवढेच गणित. समजा मधुमेह असलेल्या एका माणसाचे वय ५२, एएसटी ६४, एएलटी ४९ आणि प्लेटलेट १ लाख १० हजार आहेत. ५२ गुणिले ६४ म्हणजे ३,३२८, ४९चे वर्गमूळ ७, त्याला ११० ने गुणले की ७७०, भागाकार ४.३ येतो. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर यकृतात मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर ती जास्त, आणि मधे असेल तर फायब्रोस्कॅनसारखी यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी करायची. (पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात, कारण वयामुळेच आकडा वाढतो.) उदाहरणातल्या माणसाच्या रिपोर्टमधली प्रत्येक ओळ सुटी वाचली तर ‘थोडे वाढलेले’, ‘थोडे कमी’ असेच वाटले असते. प्लेटलेट कमी होण्याला महत्त्व आहे: सिरोसिसमध्ये यकृताकडे येणाऱ्या शिरेतला दाब वाढतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकतात.

अफ्लाटॉक्सिन हे यकृताच्या कर्करोगाचे आणखी एक कारण. दमट हवेत साठवलेल्या शेंगदाण्यांवर आणि मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचे हे विष आहे. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल या शेजारशेजारच्या भागांत बुरशीचा मका खाऊन शंभरहून अधिक माणसे यकृत निकामी होऊन दगावली. अल्प प्रमाणात वर्षानुवर्षे पोटात गेलेले हेच विष यकृतपेशीतल्या पी ५३ या जनुकात ठरावीक जागी बदल घडवते, आणि हेपॅटायटिस बी सोबत असेल तर कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. कडू, काळवंडलेले शेंगदाणे कूट करून खपवण्यापेक्षा फेकून देणे शहाणपणाचे.

आता मूळ मार्करकडे. एएफपी हे गर्भाचे प्रथिन आहे. गर्भाची पीतकोशिका आणि यकृत ते तयार करतात. जन्मानंतर त्याचे जनुक जवळजवळ बंद होते आणि त्याची जागा अल्ब्युमिन घेते. वर्षभरात बाळाच्या रक्तातले प्रमाण प्रौढांइतके, म्हणजे मिलिलिटरमागे १० नॅनोग्रॅमच्या आत येते. १९६३ साली मॉस्कोत गॅरी अबेलेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांत हे गर्भप्रथिन पुन्हा वाहताना दिसले, आणि पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव्ह यांना ते माणसांत सापडले. कर्करोगाची पेशी प्रौढपणाची शिस्त सोडून गर्भावस्थेतले जनुक पुन्हा उघडते, हे त्यातून कळले. ट्यूमर मार्कर या कल्पनेचा पाया घालणाऱ्या शोधांपैकी हा एक आहे.

पण तेच जनुक कर्करोगाशिवायही उघडू शकते. विषाणूमुळे यकृत सुजले आणि मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी भराभर तयार होऊ लागल्या की एएफपी वाढतो. गरोदरपणात तो वाढतोच. वृषणाच्या आणि बीजांडकोशाच्या काही कर्करोगांत, आणि लहान मुलांच्या हेपॅटोब्लास्टोमा या यकृताच्या गाठीत तो खूप वाढलेला असतो. उलट बाजूने, एचसीसी झालेल्या सुमारे तीस ते चाळीस टक्के रुग्णांत एएफपी वाढलेला नसतो, आणि गाठ लहान असताना हे प्रमाण आणखी जास्त असते. म्हणजे नेमके जेव्हा निदान हवे असते तेव्हाच तो गप्प राहण्याची शक्यता अधिक. २० नॅनोग्रॅम ही सीमारेषा धरली तर तो साधारण ६० टक्के कर्करोग पकडतो. ४०० च्या वरचा आकडा सिरोसिसच्या रुग्णात कर्करोगाकडे जोरदार बोट दाखवतो, पण तोवर वाट पाहिली तर बहुतेक लहान गाठी हातच्या जातात.

यामुळेच ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये एएफपी घालणे चुकीचे आहे. हे आकड्यांनी तपासून पाहता येते. कुठलाही यकृतविकार नसलेले एक लाख प्रौढ घेतले आणि वर्षाला त्यांतल्या तिघांना यकृताचा कर्करोग होतो असे धरले. चाचणी निरोगी माणसांपैकी ९९ टक्क्यांना बरोबर ‘निरोगी’ म्हणते असेही उदारपणे मानले. तरी उरलेल्या एक टक्क्यात जवळजवळ हजार निरोगी माणसांचा रिपोर्ट वाढलेला येईल आणि त्या हजारांच्या गर्दीत खरे रुग्ण असतील जेमतेम दोन. हजार घरांत काळजी, सीटी स्कॅनचा खर्च आणि किरणोत्सार. आता सिरोसिस झालेले फक्त एक हजार रुग्ण घ्या, त्यांतल्या वीस जणांना वर्षभरात कर्करोग होतो असे धरा. एएफपी त्यांतले बारा पकडेल आणि साधारण शंभर जणांना उगीच पुढच्या तपासणीला पाठवेल. इथे दर नऊ जणांत एकाला खरोखर रोग आहे, आणि तोही वेळेत सापडलेला. चाचणी तीच, यंत्र तेच. विचारणारा माणूस बदलला की उत्तराची किंमत बदलते. वीसपैकी आठ निसटले ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे, आणि त्यासाठीच सोबत सोनोग्राफी लागते.

सिरोसिसच्या रुग्णांनी आणि हेपॅटायटिस बीच्या धोक्यातल्या रुग्णांनी दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी आणि एएफपी दोन्ही करावे, असा अनेक यकृततज्ज्ञांचा सल्ला आहे. सहा महिने ही मुदत गाठ वाढण्याच्या वेगावरून ठरली आहे. लहान गाठीचे आकारमान दुप्पट व्हायला सरासरी चार ते सहा महिने लागतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणानुसार सिरोसिसच्या रुग्णांत एकटी सोनोग्राफी सुरुवातीच्या टप्प्यातले ४५ टक्के कर्करोग पकडते, एएफपी जोडले की ६३ टक्के. लठ्ठ माणसात आणि चरबी भरलेल्या यकृतात सोनोग्राफीचे चित्र धूसर येते, तिथे रक्ताच्या चाचणीचा आधार अधिक मोलाचा. या दुहेरी तपासणीने जीव वाचतात याचा सर्वांत ठळक पुरावा शांघायचा आहे. १९९३ पासून तिथे हेपॅटायटिस बी असलेल्या किंवा पूर्वी जुनाट हेपॅटायटिस झालेल्या सुमारे १८,८०० लोकांना दोन गटांत विभागून एका गटाची दर सहा महिन्यांनी तपासणी केली गेली. त्या गटात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले, आणि तेही ठरलेल्या तपासण्यांपैकी साठ टक्क्यांहून कमीच प्रत्यक्षात झाल्या असताना.

एएफपीच्या उणिवा भरून काढायला आणखी दोन मार्कर आले. पहिला एएफपीचाच एक उपप्रकार, एएफपी-एल ३. कर्करोगाच्या पेशीतून येणाऱ्या एएफपीवर साखरेची साखळी थोडी वेगळी असते आणि ती मसुरातल्या एका प्रथिनाला घट्ट चिकटते. स्वयंपाकघरातल्या मसुरातून काढलेले हे प्रथिन वापरून सुजेचे एएफपी आणि कर्करोगाचे एएफपी वेगळे करता येतात. एल ३चा वाटा दहा टक्क्यांच्या वर गेला तर संशय वाढतो. दुसरा मार्कर पिव्हका-२, ज्याला डीसीपीही म्हणतात. रक्त गोठवणाऱ्या प्रोथ्रॉम्बिनला पूर्णत्व यायला व्हिटॅमिन के लागते. कर्करोगाच्या पेशीत ही प्रक्रिया अर्धवट राहते आणि अपुरे प्रोथ्रॉम्बिन रक्तात सांडते. १९८४ मध्ये हे प्रथम नोंदले गेले. पिव्हका-२ खूप वाढलेला असेल तर गाठ रक्तवाहिन्यांत शिरली असण्याची शक्यता असते, म्हणून शस्त्रक्रियेआधी त्याला महत्त्व आहे. मात्र हृदयाच्या झडपेसाठी वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्याने ते रक्त घेणाऱ्याला आणि डॉक्टरांना सांगायलाच हवे; ही औषधे व्हिटॅमिन केचेच काम अडवतात आणि कर्करोग नसताना पिव्हका वाढवतात. पित्तमार्ग अडल्यामुळे होणाऱ्या काविळीतही तसेच घडते.

जपानमध्ये हे तिन्ही मार्कर सोनोग्राफीच्या जोडीला नियमित वापरले जातात आणि तिथे निम्म्याहून अधिक कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडतात. २०१४ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी लिंग, वय आणि हे तीन मार्कर एकत्र करून ‘गॅलाड’ नावाचा गुणांक मांडला. एकेकट्या मार्करपेक्षा तो अनेक अभ्यासांत सरस ठरला आहे. पुरुषांमध्ये हा कर्करोग स्त्रियांच्या दुपटी-तिपटीने आढळतो, त्यामुळे गुणांकात लिंगालाही वजन आहे. रक्तात तरंगणारे कर्करोगाच्या डीएनएचे तुकडे शोधणारी ‘लिक्विड बायोप्सी’ ही पुढची पायरी. टर्ट, पी ५३, बीटा-कॅटेनिन या जनुकांतले बदल आणि डीएनएवरच्या मिथिल खुणा त्यातून वाचता येतात. या चाचण्या आशादायक आहेत, पण महागड्या आहेत आणि सोनोग्राफी-एएफपीची जागा त्यांनी अजून घेतलेली नाही.

एएफपी २० च्या वर गेला किंवा सोनोग्राफीत एक सेंटिमीटरहून मोठी गाठ दिसली, तर पुढची तपासणी ट्रिपल फेज सीटी स्कॅन किंवा एमआरआय. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते. एचसीसीची गाठ मात्र रोहिणीच्या रक्तावर पोसली जाते. त्यामुळे शिरेतून दिलेले रंगद्रव्य आधी गाठीत उजळते आणि काही सेकंदांनी, बाकीचे यकृत उजळत असताना, गाठीतून धुऊन जाते. सिरोसिसच्या रुग्णात हा नमुना स्पष्ट दिसला तर सुई घालून तुकडा काढण्याचीही गरज पडत नाही. बहुतेक घन कर्करोगांत उपचाराआधी बायोप्सी लागते. इथली ही मोठी सोय आहे. चित्र संदिग्ध असेल तेव्हा बायोप्सी होते आणि तुकड्यावर ग्लिपिकन-३, एचएसपी ७० आणि ग्लुटामिन सिंथेटेज हे तीन मार्कर रंगवून पाहतात. तिन्हींपैकी दोन जमले तर कर्करोगाचे निदान पक्के धरतात.

उपचार ठरवताना गाठीच्या आकाराइतकीच उरलेल्या यकृताची ताकद पाहावी लागते. त्यासाठी बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन या दोन रोजच्या चाचण्यांवरून काढलेला ‘आल्बी’ गुणांक वापरतात. लहान गाठ शस्त्रक्रियेने काढता येते किंवा सुईतून उष्णता देऊन जाळता येते. यकृत फार बिघडलेले असेल आणि गाठी कमी असतील तर प्रत्यारोपण हा सर्वांत चांगला मार्ग, कारण त्यात कर्करोग आणि सिरोसिस दोन्ही जातात. १९९६ साली मिलानमध्ये ठरलेला निकष अजून पाया मानला जातो: एकच गाठ असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक तीन सेंटिमीटरच्या आत. पण नुसत्या मापाने भागत नाही. एएफपी हजाराच्या वर असेल तर गाठ निकषात बसूनही नव्या यकृतात रोग उलटण्याचा धोका मोठा असतो. अमेरिकेत अशा रुग्णाचा एएफपी आधी उपचारांनी पाचशेच्या खाली आणल्याशिवाय त्याला प्रत्यारोपणासाठी प्राधान्य दिले जात नाही. यकृत प्रत्यारोपण आता ठाण्यातही होते. मेंदूमृत दात्याचे यकृत मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीनुसार मिळते, पण भारतात बहुतेक प्रत्यारोपणे जवळच्या नातलगाने दिलेल्या यकृताच्या भागावर होतात. निरोगी भावाच्या किंवा मुलीच्या पोटावर शस्त्रक्रिया करायची की नाही, या निर्णयात एएफपीच्या आकड्याला म्हणूनच फार वजन असते.

गाठी अनेक असतील तर रोहिणीतून औषध सोडून त्यांचा रक्तपुरवठा तोडतात. रोग त्यापुढे गेला की गोळ्या आणि इंजेक्शने. २००७-०८ मध्ये आलेली सोराफेनिब ही यकृताच्या कर्करोगात आयुष्य वाढवणारी पहिली गोळी. तिचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला ती बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याची किंमत नऊ हजार रुपयांच्या आत आली. हा भारतातला असा पहिला परवाना. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०१४ मध्ये कायम ठेवला. आता अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही इम्युनोथेरपीची जोडी पुढे गेली आहे, पण ती न परवडणाऱ्या रुग्णांना गोळ्यांचाच आधार आहे. राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कुटुंबामागची वार्षिक मर्यादा पाच लाख रुपये झाली आहे; कोणता उपचार तिच्यात बसतो हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे. औषध निवडायला एएफपी थेट उपयोगी पडतो असे एक उदाहरण आहे: रामुसिरुमॅब. सोराफेनिबनंतर ते फक्त ४०० किंवा त्याहून अधिक एएफपी असलेल्यांनाच देतात, कारण त्याच गटात त्याचा फायदा दिसला.

उपचार लागू पडला की नाही हे एएफपी लवकर सांगतो, अर्थात तो आधी वाढलेला असेल तरच. रक्तातले एएफपी निम्मे व्हायला साधारण पाच दिवस लागतात. शस्त्रक्रियेआधी तो ८०० असेल आणि गाठ पूर्ण निघाली असेल, तर ४००, २००, १०० असे उतरत पाच-सहा आठवड्यांत तो दहाच्या खाली यायला हवा. मधेच अडकला तर कुठेतरी रोग उरला आहे असे समजून शोध घ्यावा लागतो. यासाठी रिपोर्टची तुलना नीट व्हायला हवी. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये रक्त द्यावे, कारण यंत्रागणिक आकडा बदलतो. शिवाय काही रिपोर्ट नॅनोग्रॅममध्ये तर काही आंतरराष्ट्रीय एककांत असतात, आणि एक एकक म्हणजे सुमारे १.२ नॅनोग्रॅम. केसांसाठी घेतली जाणारी बायोटिनची गोळी काही यंत्रांना चकवते, तीही सांगावी. सीमारेषेच्या आतली चढणही दुर्लक्षू नये: सहा-सहा महिन्यांनी ५, ९, १६ असे आलेले आकडे तिन्ही वेळा २० च्या आतच असतात, पण एकत्र ठेवले तर ते सीटी स्कॅनची मागणी करतात. जुन्या रिपोर्टची फाइल म्हणूनच प्रत्येक भेटीला सोबत हवी.

शस्त्रक्रियेने गाठ काढल्यावरही पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत रोग पुन्हा दिसतो. कधी जुन्याच गाठीचे अंश वाढतात, कधी उरलेल्या सिरोसिसच्या यकृतात अगदी नवी गाठ होते. त्यामुळे पहिली दोन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी स्कॅन आणि मार्कर, त्यानंतर दर सहा महिन्यांनी, असा पाठपुरावा करतात. हेपॅटायटिस बीची गोळी गाठ निघाल्यावरही चालूच ठेवायची असते. ती रोग उलटण्याचे प्रमाण कमी करते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णांना कर्करोगाचे प्रमाणपत्र दाखवून लोकलच्या दिव्यांग डब्यातून प्रवास करता येतो. दोन भेटींमधली रक्ततपासणी आणि सोनोग्राफी मात्र ठाण्यात, कल्याणला किंवा डोंबिवलीतच करून रिपोर्ट सोबत नेता येतात. फक्त लॅब कोणती हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून एकदा ठरवून घ्यावे.